अनगोळकर अण्णांनी नापास केलेले महान खेळाडू

अनगोळकर अण्णांनी जगातले एकशे चौदा महान खेळाडू नापास केले. हा आकडा माझा नाही, त्यांच्या वहीतला आहे. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची वही होती, कारखान्यांच्या तपासणी खात्यात असते तशी. रकाने चार. खेळ, नग, काय बघितलं, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात एकशे चौदा वेळा ‘नामंजूर’ आणि त्यापुढे पूर्ण सही. कुठेही घाईत ओढलेलं फरकाटं नाही. माणसाला नापास करतानाही त्यांनी कधी आळस केला नाही, हे मान्य करायलाच हवं.

आता ते बेळगावला परत गेलेत. बंगळुरात सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सहाशे घरं आहेत. समोरच्या दारात कोण राहतं हे मला कुरिअरवाल्याकडून कळतं. अशा ठिकाणी एक म्हातारा गेला तर काय एवढं? पण खरं सांगते, अण्णा गेल्यापासून सकाळी फिरायला जायला माझा पायच निघत नाही. भांडायचं कुणाशी?

मी मूळची नाशिकची, नोकरीपायी बंगळूरला आलेली. अण्णांची आणि माझी ओळख झाली ती भांडणातूनच. एका सकाळी बागेत फेऱ्या मारत होते तर कडुलिंबाखालच्या बाकावर दोन म्हातारे तारस्वरात मराठीत भांडत होते. बंगळुरात, सकाळी सहा वाजता, चक्क मराठीत! मी कानातली गाणी बंद केली आणि बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करून खाली बसले.

“तुमचा नग शेवटी घसरला की ओ!”

“घसरला, पण पहिला आला ना?”

“आला असंल. खरं घसरला.”

बेळगावकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी कुणाला खराब माल विकलाय आणि आता हातघाईवर येणार. तर छे! विषय होता, आजवरच्या सगळ्या खेळांतला, सगळ्या देशांतला, सर्वांत श्रेष्ठ खेळाडू कोण. घसरलेला नग म्हणजे एक जगप्रसिद्ध धावपटू होता.

त्याची बाजू घेणारे होते गोडबोले काका. पुण्याचे. सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले आणि बायकोच्या रक्तदाबाचासुद्धा आलेख काढून फ्रीजवर लावणारे. आणि त्याला नापास करणारे होते अण्णा. शहराबाहेर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात गिअर बनतात, तिथं अण्णांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली. उंच, काटकुळे, सकाळी सहालाही शर्ट पँटीत खोचलेला, खिशात दोन पेनं.

मी उत्साहानं मध्ये पडले आणि माझ्या आवडत्या फलंदाजाचं नाव घेतलं. अण्णांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मी भर बागेत शिवी दिली असती तरी त्यांनी एवढं केलं नसतं.

“नाव न्हाई घ्यायचं, मॅडम,” ते म्हणाले. “नाव घेतलं की माणूस तपासत न्हाई, आरती ओवाळतो. आमच्या टेबलावर नग यायचा, कुणी बनवलाय ते लिवलेलं नसायचं. मेव्हण्यानं बनवलाय असं कळलं की हात हलका होतोय बघा.”

तेव्हापासून आम्ही पळणारा नग, पोहणारा नग, उंच उडीचा नग असंच बोलायचो. नवीन माणसाला आम्ही भंगाराचा धंदा करतो असं वाटायचं.

अण्णांची नापास करण्याची कारणं ऐकून गोडबोले काका अक्षरशः नाचायचे. वजन उचलणारा नग नापास, का? “उचललं, आणि मग दाणकन खाली टाकलं. आमच्या हमालानं टाकलं असतं तर मेमो मिळाला असता.” पोहणारा नग? “स्वच्छ पाणी, आखलेली पट्टी. बेळ्ळंदूरच्या सांडपाण्याच्या तळ्यात उतर म्हणावं, मग बघू.” माझा फलंदाज? “जेवायची सुट्टी, चहाची सुट्टी, पाणी घेऊन येणारा वेगळा. मॅडम, हा खेळ हाय की लग्न?” मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

गोडबोले काकांकडे त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक खेळात पहिला माणूस दुसऱ्यापेक्षा किती पुढे आहे ते मोजायचं, ज्याचं अंतर सगळ्यांत जास्त तो श्रेष्ठ. त्यांनी त्याचे रंगीत तक्तेही काढले होते. अण्णांनी ते चष्मा पुसून नीट पाहिले.

“म्हंजे दुसरा किती वाईट, त्यावर पयल्याचं मोठेपण? असं असंल तर आमच्या घरात मी लई उंच हाय.”

“मग तुमचं माप काय ते तरी सांगा!” गोडबोले ओरडले. “गिअर एका गेजनं तपासता, बोल्ट दुसऱ्या. इथं क्रिकेट आणि पोहणं एका मापात कसं बसवणार?”

“एकच बघायचं,” अण्णा म्हणाले. “संगतीचे सगळे गेले, कोण मदतीला उरलं न्हाई, समोर सगळे ताजेतवाने. तेव्हा ह्यो किती वेळ टिकला आणि कसा टिकला.”

“असं कुणी टिकलंय का तुमच्या पाहण्यात?”

अण्णांनी वही मिटली आणि म्हणाले, इडली थंड होतीया, चला. प्रत्येक वेळी इथं आलं की त्यांना इडली आठवायची.

आता त्यांच्या काटेकोरपणाचा मला बसलेला फटका सांगते, कारण तो मी अजून विसरलेले नाही. सोसायटीच्या टेबल टेनिस स्पर्धेत मिश्र दुहेरीत मी जिंकले. म्हणजे माझा जोडीदार जिंकला, तिसऱ्या मजल्यावरचा एक अबोल तमिळ गृहस्थ. मी बॅट धरून त्याच्या वाटेत न येण्याचं काम चोख केलं. पदक माझ्या गळ्यात पडलं. आयुष्यातलं एकुलतं एक. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, नाशिकच्या आत्यानं ‘घराण्याचं नाव काढलंस’ असं लिहिलं, आणि पदक फ्रीजच्या मुठीला लटकवून मी सुखानं झोपले.

सकाळी सात वाजता बेल. दारात अण्णा, हातात माप घ्यायची स्टीलची पट्टी.

“मॅडम, पदक द्या.”

“का?”

“जाळी तीन मिलिमीटर खाली होती. पंच मी होतो, आधी मोजायला पायजे होती, राहिलं. आत्ता मोजून आलो. चूक माझी. खरं पदक तुमचं न्हाई.”

“अहो, तीन मिलिमीटरनं काय होतंय?”

“गिअरबॉक्स फुटतंय,” अण्णा शांतपणे म्हणाले.

दिलं बाबा पदक. सामना पुन्हा झाला आणि आम्ही सपाटून हरलो. आत्याला काय सांगू ते मला कळेना, म्हणून अजून सांगितलेलं नाही. पण त्याच दिवशी लिफ्टमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत अण्णांचा माफीनामा लागला होता, पूर्ण सहीसकट. स्वतःची चूक चव्हाट्यावर मांडताना त्या माणसाला काडीचा संकोच वाटत नसे. म्हणून तर पुढे जे झालं त्यानं आम्ही सगळेच चकित झालो.

या वहीत यावं असं एका माणसाला फार वाटत होतं, आणि तो माणूस त्यांच्या घरातच होता. सुमनअक्का, अण्णांच्या पत्नी. बुटक्या, गोलमटोल, एका गुडघ्यानं अधू, आणि आवाज असा की चौथ्या मजल्यावरून भाजीवाल्याला वांगी निवडायला लावायच्या. एकदा डबा परत द्यायला गेले तर त्यांनी मला बसवलं, थालीपीठ वाढलं आणि कपाटातून एक फोटो काढला. गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टातल्या नऊ मुली. मधली, दोन वेण्यांची, कॅमेऱ्याकडे रागानं बघणारी, ती अक्का.

“खो-खो,” त्या म्हणाल्या. “बेळगाव जिल्ह्याच्या टीममध्ये होते मी. धारवाडला शेवटची मॅच झाली. पळतीला आम्ही तिघी उतरलो होतो, दोघी लगेच बाद. मग मी एकटी. शिट्टी होईस्तोवर कुणाच्या हाताला लागले न्हाई. लोक उभे राहून वरडालेते. राज्याच्या शिबिराचं पत्र आलं घरी.”

“मग?”

“मग काय? साखरपुडा झालेला. सासूबाईंचा निरोप आला, आमच्यात सून मैदानात पळत न्हाई. बाबांनी पत्र परत पाठवलं.” त्यांनी माझ्या ताटात दुसरं थालीपीठ टाकलं. “ते जाऊ दे. आता ह्यो माणूस जगातल्या लोकांना वहीत लिवतोय. पळणारे, उड्या मारणारे, कोण कोण. मला एक ओळ न्हाई! मला काय पदक नको ग. एक ओळ पायजे. ह्यांच्या अक्षरात.”

अण्णा तिथंच पेपर वाचत होते. पान न उलटता म्हणाले, “त्या दिवशी मी कामावर होतो. बघितलो न्हाई. न बघितलेल्या नगावर सही न्हाई.”

“चाळीस वर्षं हेच ऐकालेय,” अक्का मला म्हणाल्या, आणि हसल्या. पण ते हसणं काही खरं नव्हतं. मला त्या दिवशी अण्णांचा मनापासून राग आला. एवढा कसला आलाय नियम? बायकोसाठी एक ओळ लिहिली असती तर कुठलं गिअरबॉक्स फुटणार होतं?

मग गणपती आले. सोसायटीत चाळीसेक मराठी घरं आहेत, आमचा छोटासा गणपती क्लबहाउसमध्ये बसतो. दरवर्षी मुलांचे नाच आणि बायकांची पाककृती. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं की बागेतलं भांडण मंचावर आणावं. विषय, सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. एकीकडे गोडबोले, दुसरीकडे अण्णा. परीक्षक मी. कारण माझं पदक अण्णांनी काढून घेतलं होतं, तेव्हा मी त्यांची बाजू घेणार नाही, आणि गोडबोल्यांचे तक्ते मला कळत नाहीत, तेव्हा त्यांचीही नाही.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत अक्का, मांडीवर प्रसादाची पिशवी. गोडबोले काका उठले. मला वाटलं, आता तक्ते निघणार. पण नाही.

“माझा नग,” काका म्हणाले, “खेळ खो-खो. सोबतचे दोघे बाद. समोर अख्खा संघ ताजा. आणि हा नग शिट्टी होईपर्यंत एकटा, नाबाद. अनगोळकर, तुमच्याच मापानं सांगतोय. संगतीचे गेले, मदतीला कोणी नाही, तरी टिकला. बोला!”

आणि त्यांनी पडद्यावर तो नऊ मुलींचा फोटो टाकला, अक्कांकडून गुपचूप मागून आणलेला. हॉलमध्ये जे हसू आणि टाळ्या उसळल्या, विचारू नका. बायकांनी अक्कांना मिठ्या मारल्या. अक्कांनी पदरानं तोंड झाकलं, पण एक डोळा अण्णांवर.

अण्णा उभे राहिले. चेहरा उतरलेला. “तपासणी झालेली न्हाई,” ते म्हणाले. “मंजूर न्हाई, नामंजूरबी न्हाई. मला लिवता येत न्हाई.”

“बरं, मग तेवढंच लिहा,” गोडबोले आता रंगात आले होते. “लिहा, हा नग मी पाहिलेला नाही. आणि खाली सही करा. चाळीस वर्षं तोंडी सांगताय, एकदा लेखी द्या की! मग माझा नग मी मागे घेतो.”

लोक पुन्हा हसले. नंतर गोडबोले काका शपथेवर सांगायचे की मला काही माहीत नव्हतं, मी नुसती गंमत करत होतो. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. एवढा डाव त्यांना सुचला नसता.

अण्णांनी वही उघडली. खिशातलं पेन काढलं. ओळ लिहिली, सावकाश, नेहमीच्या सुवाच्य अक्षरात. मी शेजारीच बसले होते, मला दिसत होतं. मग सही करायला पेन टेकवलं, आणि उचललं. पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं. तिसऱ्या वेळी हॉलमधलं हसू बंद झालं.

“काय हो, पेन संपलं?” मागून कुणीतरी विचारलं.

“सही होत न्हाई,” अण्णा म्हणाले. माइक समोरच होता, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “बघितलोय मी.”

कुणाला काही कळेना. अण्णा आमच्याकडे बघतच नव्हते. वहीकडे बघून बोलत होते.

“एक दिवसाची रजा टाकून धारवाडला गेलोतो. कुणाला सांगितलो न्हाई. साखरपुडा झालेली पोरगी, आधीच भेटायला गेलं म्हणून लोक हसतील असं वाटलं. कुंपणाच्या भायेर उभा राहिलो. सगळं बघितलो. असं कुणाला खेळताना मी त्या आधी बघितलो न्हाई, आणि नंतर टीव्हीवरबी बघितलो न्हाई. बाकीच्यांना हिच्याच मापानं मोजालोय. म्हणून तर कोण बसंना.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “आईनं मला विचारलीती. निरोप धाडायच्या आधी. काय रे, पोरगी खेळती म्हणं, कशी खेळती? मी चांगलं सांगितलो असतो तर आईनं ऐकली असती. नक्की ऐकली असती. खरं मी भ्यालो. मी म्हटलो, मला काय ठाऊक, मी बघितलो न्हाई. तेव्हापास्नं तेच सांगालोय.”

एकशे चौदा ठिकाणी सही करणारा तो हात टेबलावर नुसता पडला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही.

पहिल्या रांगेत अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

“शेवटी माझ्या मागं कोण होती?” त्यांनी विचारलं.

“उंच पोरगी. लाल रिबीन बांधलेली.”

“मी कुठं वळले?”

“डावीकडं जातीस असं दाखवलीस, आणि बसलेल्या दोघींच्या मधनं उजवीकडं गेलीस. ती तोंडावर पडली.”

“मग?”

“मग शिट्टी झाली. तू खालीच बसलीस. आणि लई हसलीस.”

अक्कांनी पदर खोचला. मग मागे वळून आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, “बघितलंय ह्यांनी.” प्रसादाची पिशवी उचलली, चपला शोधल्या आणि लंगडत घरी निघून गेल्या. मी परीक्षक, पण निकाल द्यायचं कुणालाच सुचलं नाही. आरतीसुद्धा त्या दिवशी जरा लवकर उरकली.

पुढचे नऊ दिवस अक्का अण्णांशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक व्हायचा, ताट वाढलं जायचं, पण तोंडातून शब्द नाही. आणि मधल्यामध्ये माझं मरण. मला फोन यायचा, “ह्यांना सांग, अंघोळीचं पाणी तापलंय.” अण्णा तिथून चार फुटांवर. मी ऑफिसच्या मीटिंगमधून अण्णांना फोन करून पाण्याचं सांगायचे. सातव्या दिवशी तर माझ्या मॅनेजरनं विचारलं, हे गीझरचं काम आपल्याकडे कुठल्या क्लायंटचं आहे?

आठव्या दिवशी अण्णांनी वहीत ओळ लिहिली. खेळ खो-खो, पुढे सगळं वर्णन, आणि पहिल्यांदाच शेरा ‘मंजूर’. सही करून वही अक्कांसमोर ठेवली. अक्कांनी वाचली. नऊ दिवसांत त्यांच्याशी बोललेलं एकच वाक्य, तेही मी दारात उभी होते म्हणून मला ऐकायला मिळालं.

“माझी तपासणी करायला तुम्ही कोण?”

वही परत सरकवली आणि त्या वाटाणे सोलायला बसल्या. चाळीस वर्षं जी ओळ मागितली, ती आली तेव्हा तिचं काही मोलच राहिलं नव्हतं. अण्णा माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आले. मी सॉफ्टवेअर तपासते म्हणून ते मला आपल्या खात्यातली समजायचे.

“मॅडम, तुमच्यात एवढ्या वर्षांनी दोष सापडला तर काय करता?”

“आधी कबूल करतो. मग दुरुस्त करतो.”

“आणि दुरुस्त होणारच नसंल तर?”

मी म्हटलं, गिऱ्हाईक सांगेल ते निमूटपणे करतो. अण्णांनी मान हलवली. मनात लिहून घेतल्यासारखी.

नवव्या दिवशी लिफ्टमध्ये कागद लागला. अक्षर अक्कांचं. ‘रविवारी सकाळी सात वाजता, हिरवळीवर, खो-खो. फक्त बायकांसाठी. गुडघ्याची कारणं चालणार नाहीत.’ आम्ही सतराजणी जमलो. मराठी, कानडी, एक बंगाली, एक पंजाबी आजी. कुणी ट्रॅकपँटीत, कुणी सलवारीत. शिट्टी वाजवायला वॉचमन मंजण्णा, कारण शिट्टी फक्त त्याच्याकडेच होती. अक्कांनी आम्हाला ओळीत उकिडवं बसवलं, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. बसतानाच आमच्यातल्या चौघींनी देवाचा धावा केला.

पण खो-खोला दोन टोकांना दोन खांब लागतात. पळणारीच्या मागे धावणारी बाई खांबाला धरूनच वळते. आणि सोसायटीच्या कमिटीनं सांगून टाकलेलं, हिरवळीत खड्डा खणायचा नाही. अक्कांनी कमरेवर हात ठेवून इकडे तिकडे पाहिलं. बाकावर अण्णा बसले होते. लांबूनच बघत, बोलावलेलं नसताना आलेले.

“उभे राहा इथं,” अक्का म्हणाल्या. नऊ दिवसांनंतर.

“मी?”

“हलायचं न्हाई.”

अण्णा आले आणि उभे राहिले. हात अंगाला चिकटवून, मान ताठ, शर्ट खोचलेला. दुसऱ्या टोकाला गोडबोले काकांना उभं केलं, पण ते गुरुत्वमध्य वगैरे समजावून सांगायला लागले. “खांब बोलत नसतोय,” म्हणून अक्कांनी त्यांना काढून टाकलं आणि तिथं कचऱ्याचा मोठा डबा ठेवला. गोडबोले काकांना ते फार लागलं.

मंजण्णानं शिट्टी मारली. अक्का अधू गुडघ्यानं जमेल तेवढ्या वेगानं निघाल्या, अण्णांच्या दंडाला पकडून गर्रकन वळल्या आणि बंगाली बाईंच्या पाठीत धपकन हात मारून ओरडल्या, “खो!” शर्टाची बाही टर्रकन उसवली. अण्णा हलले नाहीत.

हे मग दर रविवारी चाललं. सहा-सात महिन्यांनंतरही आम्ही कुठल्याही स्पर्धेत टिकलो नसतो, पण अक्कांचा दम वाढला आणि आवाज होता त्याहून वाढला. वहीचं म्हणाल तर अण्णांनी त्यानंतर कुणालाच पास-नापास केलं नाही. गोडबोल्यांनी कितीही डिवचलं तरी म्हणायचे, “मला अधिकार न्हाई.” आणि एके दिवशी अक्कांनीच जाहीर केलं की त्यांच्या जुन्या शाळेत मुलींना शिकवायला कुणी नाही, तेव्हा त्या बेळगावला चालल्यात. ‘आम्ही’ म्हणाल्या नाहीत. दोन दिवसांनी अण्णांनी मला हळूच सांगितलं, “मलाबी नेणार हाय म्हणं.”

त्यांच्या जाण्याचा दिवस रविवारच होता. सामानाचा ट्रक फाटकापाशी उभा, न्यायला आलेला त्यांचा मुलगा घड्याळ बघतोय, आणि अक्का म्हणाल्या, एक डाव होऊ दे. झाला. मी पहिल्यांदाच तीन मिनिटं नाबाद राहिले आणि शेवटी मंजण्णाला आपटून बाद झाले. मग आम्ही बायका धापा टाकत बाकांभोवती बसलो, पंजाबी आजींनी थर्मासमधून चहा ओतला, कुणी रडलं, कुणी सेल्फी काढला. ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला.

अण्णा तिथंच उभे होते. हिरवळीच्या टोकाला, हात अंगाला चिकटवून. ऊन तोंडावर आलेलं, नाकावर माशी.

“अण्णा, संपला की खेळ!” मी ओरडले. “या चहाला!”

“तिनं सांगितलं न्हाई अजून,” ते ओठ न हलवता म्हणाले.

मुलगा वैतागून अक्कांकडे आला. “आई, सांग ना बाबांना. ट्रक थांबलाय.”

अक्का अण्णांकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी चहा फुंकला, एक घोट घेतला, आणि मला दिसलं की त्या हसतायत, फोटोतल्या त्या रागीट पोरीचं काही म्हणता काही उरलं नव्हतं.

“राहू देत उभे,” त्या म्हणाल्या. “स्वल्प वेळ.”